ठरवून घेतलेलं जन्मवर्ष: राष्ट्रांच्या मध्ययुगीन मुळांची नाणी जमवताना

हंगेरीचं १८९६चं एक कोरोनाचं नाणं अगदी लहान आहे. व्यास २३ मिलिमीटर, वजन ५ ग्रॅम, हजारात ८३५ भाग चांदी. (नाव वाचून दचकू नका, कोरोना म्हणजे मुकुट.) एका बाजूला सम्राट फ्रान्झ योझेफचा चेहरा, दुसऱ्या बाजूला घोड्यावर बसलेला आर्पाद. मॅग्यार, म्हणजे हंगेरियन लोकांच्या, टोळ्यांना कार्पेथियन डोंगररांगेच्या आतल्या मैदानात घेऊन आला तो हा सरदार. नाण्याचं म्हणणं एका ओळीचं आहे: ८९६ साली आम्ही इथे वसलो, त्याला हजार वर्षं झाली.

गंमत अशी की हे ८९६ कुणाला सापडलेलं नाही, ते ठरवलेलं आहे. सरकारने विज्ञान अकादमीला नेमकं साल विचारलं, तेव्हा अकादमीने ८८८ ते ९०० असं मोघम उत्तर दिलं. मग सोहळ्यासाठी १८९५ ठरलं, आणि बांधकामं वेळेत उरकेनात म्हणून एक वर्ष पुढे ढकललं. म्हणजे तेव्हाचे कंत्राटदार थोडे चपळ असते, तर नाण्यावरचा दावा ८९५चा झाला असता.

हा संग्रह मला रसाचा वाटतो तो यामुळे. यातलं प्रत्येक नाणं म्हणजे एक दावा असतो, आणि दाव्याला तीन अंगं असतात: कोणत्या सालाबद्दल, कोणत्या साली, आणि कुणी केलेला. नाणी देशवार लावली तर हे दिसत नाही. दाव्याच्या सालानुसार लावली, म्हणजे ६८१, ८६२, ८७४, ८९६, ९३०, ९६६, ९८७, ११३९, १२९१ अशी, की शेजारशेजारची नाणी एकमेकांशी बोलायला लागतात. माझ्या मते याच क्रमाने अल्बम भरावा. देश आणि धातू नोंदवहीत शोधता येतात.

साल निवडण्यामागचं राजकारण कधीकधी नाण्यावरच वाचता येतं. पोलंडचं १९६६चं १०० झ्लोटींचं नाणं बघा. २० ग्रॅम, ३५ मिलिमीटर, हजारात ९०० चांदी. त्यावर म्येश्को पहिला आणि त्याची बोहेमियन राणी दोम्ब्रुफ्का. ९६६ साली म्येश्कोने बाप्तिस्मा घेतला. चर्चच्या लेखी १९६६ हे बाप्तिस्म्याचं सहस्रक होतं. कम्युनिस्ट सरकारला तो शब्द नको होता, म्हणून त्याच वर्षाला त्यांनी पोलिश राज्याचं सहस्रक म्हटलं. त्या वर्षी देशभर दोन समांतर सोहळे चालले. गावोगाव फिरणारी चेन्स्तोखोवाच्या मठातल्या मेरीमातेची तसबीर सरकारने अडवून परत मठात पाठवली. नाणं अर्थातच सरकारी सोहळ्याचं आहे.

स्वित्झर्लंडचं उदाहरण याहून शांत. महासंघाची सुरुवात म्हणून लोकांच्या मनात बराच काळ १३०७ हे साल होतं, सोळाव्या शतकातल्या चुडी नावाच्या इतिहासकाराने दिलेलं. ऑगस्ट १२९१चा तीन प्रांतांमधला शपथेचा करार ही खरी सुरुवात, हे पक्कं झालं १८९१च्या सहाशेव्या वर्धापनाच्या निमित्ताने. त्यानंतरची नाणी १२९१ धरून चालतात: १९४१चं ५ फ्रँकचं (१५ ग्रॅम, ३१ मिलिमीटर, ८३५ चांदी), ज्यावर शपथ घेणारे तिघे आहेत, आणि १९९१चं २० फ्रँकचं (२० ग्रॅम, ३३ मिलिमीटर, ८३५च). सोन्याची ऐपत असेल तर १९९१चंच २५० फ्रँकचं, ८ ग्रॅम, ९०० कसाचं. १९४१चं नाणं निघालं तेव्हा देशाच्या चारही बाजूंना युद्ध पेटलेलं होतं. साडेसहाशे हा काही फार गोल आकडा नाही, पण अशा वर्षी जुनी शपथ आठवावीशी वाटली, यात नवल नाही.

फ्रान्सला तर दोन जन्मवर्षं आहेत. १९८७चं १० फ्रँक ह्यू कापेच्या ९८७च्या राज्यारोहणासाठी, आणि १९९६चं १०० फ्रँक फ्रँक टोळ्यांचा राजा क्लोव्हिस याच्या बाप्तिस्म्यासाठी, जो ४९६चा मानतात. ही दोन नाणी एकाच पानावर समोरासमोर लावली की वेगळ्या टिपणाची गरजच उरत नाही.

आता सुरुवात कुठून करावी, याबद्दल. चांदीपासून करू नये. आधी चलनात फिरलेली किंवा साध्या धातूची नाणी घ्यावीत. हाताळताना भीती वाटत नाही, आणि चुकलो तर फारसं काही जात नाही. बल्गेरिया यासाठी उत्तम. १९७४नंतरच्या साध्या स्तोतिन्की (लेव्ह या चलनाचा शंभरावा भाग) नाण्यांवरच्या राजचिन्हातही फितीवर ६८१–१९४४ अशी दोन सालं आहेत. ६८१ हे खान अस्पारुहच्या राज्याचं, बायझंटाइन साम्राज्याने ज्याला तहात मान्यता दिली ते, आणि १९४४ हे कम्युनिस्ट सत्तेचं. साडेबाराशे वर्षांची उडी एका फितीत बसवली आहे. १९८१ साली तेराशे वर्षांच्या निमित्ताने बल्गेरियाने नाण्यांचा अक्षरशः पाऊस पाडला. त्यातली तांबे-निकेलची २ लेव्हांची मालिका (११ ग्रॅम, ३० मिलिमीटर) सावकाश जमवण्यासारखी आहे. मादाराचा घोडेस्वारही ध्यानात ठेवा. हे कड्यावर कोरलेलं आठव्या शतकाच्या सुरुवातीचं शिल्प. १९९९पासूनच्या स्तोतिन्कींवर तोच होता, आणि २०२६पासून बल्गेरियाच्या युरो सेंटांवरही तोच आहे. तीन राजवटी आणि दोन चलनं ओलांडून टिकलेलं हे चित्र संग्रहाच्या पहिल्या पानाला शोभतं.

पोलंडचीही एक स्वस्त वाट आहे. १९७९चं तांबे-निकेलचं ५० झ्लोटी म्येश्कोचं, आणि त्याच मालिकेत पुढे शूर बोलेस्वाव्ह, काझिमिएश वगैरे. तेच चेहरे चांदीच्या २०० झ्लोटींवरही आहेत. आधी ५० झ्लोटींची रांग पूर्ण करावी आणि मग एकच चांदीचं घ्यावं. ऐपतीपेक्षा शिस्त सांभाळण्यासाठी हे बरं. रशियाचं २०१२चं १० रूबल हे राज्याच्या उगमाला ११५० वर्षं झाली म्हणून निघालं. त्यावर नोव्हगोरोदचं ‘रशियाचं सहस्रक’ हे १८६२चं स्मारक आहे. हेच स्मारक सोव्हिएत संघाच्या १९८८च्या ५ रूबलवरही होतं. दोन्ही जवळ ठेवली की ८६२ या एका सालाचा दोन राजवटींनी केलेला वापर दिसतो.

इथे एक बारीक गोष्ट. २०१२चं १० रूबल पितळेचा मुलामा दिलेल्या पोलादाचं आहे, म्हणून ते लोहचुंबकाला चिकटतं, आणि चिकटलंच पाहिजे. चुंबकाला चिकटलं की नाणं खोटं, हा नियम डोळे मिटून लावला तर खरं नाणं फेकून द्याल. उलट चांदी, पितळ, तांबे-निकेल यांपैकी काहीच चिकटत नाही, त्यामुळे चांदीच्या नाण्याबाबतीत चुंबक फक्त लोखंडी नक्कल पकडतं. तांबे-निकेलची नक्कल त्याच्या हातून सहज निसटते.

चांदीची खात्री करायची तर काटा, कॅलिपर (व्यास आणि जाडी मोजायचं साधन) आणि पाण्याचा पेला पुरतो. काटा ०.०१ ग्रॅमपर्यंत मोजणारा हवा. आधी कोरडं वजन आणि व्यास घ्या. मग पेल्यात पाणी भरून तो काट्यावर ठेवा आणि आकडा शून्यावर आणा. नाणं बारीक दोऱ्याने अडकवून पाण्यात पूर्ण बुडेल असं सोडा. तळाला किंवा भिंतीला टेकता कामा नये, दोरा हातातच राहू द्या. काट्यावर जो आकडा येईल तेवढ्या ग्रॅम पाणी नाण्याने बाजूला सारलं. कोरडं वजन भागिले हा आकडा म्हणजे घनता.

१०० झ्लोटींच्या २० ग्रॅमच्या नाण्याची चांदी हजारात ९०० असेल, बाकी तांबं असेल, तर घनता साधारण १०.३ येते आणि काट्यावर १.९४च्या आसपास दिसतं. तेच नाणं तांबे-निकेलचं असेल (घनता ८.९) तर २.२५ दिसेल. फरक ढळढळीत आहे. याचाच दुसरा अर्थ असा की वजन आणि व्यास दोन्ही जुळवलेली तांबे-निकेलची नक्कल खऱ्यापेक्षा सुमारे १५ टक्के जाड असावी लागते. कॅलिपरने जाडी मोजली तर पाण्यात न बुडवताही संशय येतो. ८३५ कसाची घनता सुमारे १०.२, ९२५ची १०.३६, आणि १९३८च्या हंगेरियन ५ पेंग्योची (संत इश्तवानच्या निधनाला ९०० वर्षं, २५ ग्रॅम, ३६ मिलिमीटर, ६४० चांदी) ९.९च्या जवळ. कस जितका कमी, तितका खऱ्या-खोट्यातला फरक अरुंद.

ही चाचणी लहान नाण्यावर मात्र दगा देते. ५ ग्रॅमचा कोरोना खरा असेल तर काट्यावर ०.४९ येईल, तांबे-निकेलचा असेल तर ०.५६. मधे फक्त ०.०७. नाण्याला चिकटलेला एक बुडबुडा ०.०२ खाऊन टाकतो, दोऱ्याचा ओला भाग आणखी थोडा. बुडबुड्याने आकडा नेहमी वाढतो, म्हणजे घनता कमी दिसते आणि खरं नाणं खोटं ठरतं. उपाय साधा आहे: पाणी उकळून गार केलेलं घ्या, नाणं बुडवल्यावर दोरा हलकेच दोनदा हलवा, आणि पाच वेळा मोजून मधला आकडा धरा. तरीही निकाल मधेच लोंबकळला तर त्या चाचणीवर निर्णय घेऊ नये.

कोरोनाच्या बाबतीत खोट्या नाण्यापेक्षा इतर अडचणी जास्त येतात. पहिली अडचण सालाची. १८९६ साल असलेले साधे चलनी कोरोनाही आहेत, मुकुट आणि मूल्याचे. वर्णनात ‘१८९६, १ कोरोना, चांदी’ एवढंच असेल तर घोडेस्वाराची बाजू पाहिल्याशिवाय पैसे मोजू नका. टांकसाळीची खूण ‘के. बी.’ आहे, म्हणजे कोर्मोत्सबान्या, आजचं स्लोव्हाकियातलं क्रेम्नित्सा. दुसरी अडचण नंतरच्या छपाईची. त्या काळच्या हंगेरियन स्मारक नाण्यांची पुनर्छपाई विसाव्या शतकात झालेली आहे. अशा नाण्यांवर बऱ्याचदा बारीक ‘यू. पी.’ अशी अक्षरं असतात. दहापटीच्या भिंगाने साल आणि टांकसाळीच्या खुणेच्या आजूबाजूचा मोकळा भाग सावकाश फिरून बघावा. पुनर्छपाई म्हणजे खोटं नाणं नव्हे, धातूही तोच असतो. पण ते १८९६ साली सोहळ्याला आलेल्या माणसाच्या खिशात नव्हतं, आणि किंमत त्याच हिशोबाने द्यावी.

तिसरी अडचण दागिन्याची. सोहळ्याची नाणी लोक पदक, ब्रूच, घड्याळाची साखळी यांना लावत. नंतर कुणी तरी टाका काढून टाकतं, कड घासून सपाट करतं आणि नाणं पुन्हा बाजारात येतं. म्हणून नाणं सपाट धरून न पाहता कडेवर उभं धरून, दिव्यासमोर पूर्ण एक फेरी फिरवा. घड्याळाच्या बाराच्या जागी कड किंचित सपाट असेल, रंग वेगळा असेल, कंगोरे किंवा कडेवरची नक्षी तुटली असेल, तर तिथे एकेकाळी कडी होती. भोक बुजवलेलं असेल तर दोन्ही बाजूंना एकाच जागी पोत मिटलेला दिसतो. झीज कुठे पाहायची? राजाच्या कानावरचे केस आणि दाढी आधी सपाट होतात, मागच्या बाजूला घोड्याचा खांदा. तिथे केसांच्या रेषा सुट्या दिसत असतील तर नाणं फारसं फिरलेलं नाही.

चौथी अडचण साफसफाईची, आणि माझ्या मते हीच सर्वांत मोठी. चकचकीत नाणं नवखा माणूस आनंदाने घेतो. दिव्याखाली नाणं हळूहळू तिरकं करा. न घासलेल्या, फारशा न झिजलेल्या नाण्यावर प्रकाशाचा पट्टा चाकाच्या आऱ्यांसारखा गोल फिरतो. घासलेल्या नाण्यावर तो फिरत नाही, त्याऐवजी एकाच दिशेला गेलेल्या केसाएवढ्या रेषा चमकतात. खाण्याच्या सोड्याने या रेषा येतात. चांदी उजळवायच्या द्रावणात बुडवल्याने रेषा येत नाहीत, पण वरचा पातळ थर निघून जातो आणि नाणं मेल्यासारखं पांढरं पडतं. सव्वाशे वर्षांच्या चांदीवर करडी किंवा निळसर झाक असणं हे निरोगीपणाचं लक्षण आहे, ती काढायला जाऊ नये.

आइसलंडचं पान मात्र निवांत बघावं असं. तिथे दोन वेगळी सालं आहेत. ८७४ हे वसाहतीचं, इंगोल्फुर आर्नार्सन येऊन राहिला ते. ९३० हे आल्थिंगचं, म्हणजे थिंगवेट्लिरच्या मैदानात भरलेल्या लोकसभेचं. १९३०च्या सहस्रकासाठी तीन नाणी निघाली: काशाचं २ क्रोना आणि चांदीची ५ व १० क्रोना. कॅटलॉगमध्ये ती बहुधा मुख्य यादीत मिळत नाहीत, पदकवजा नाण्यांच्या वेगळ्या क्रमांकांखाली असतात. शोधताना तिकडे बघा, नाहीतर असं काही निघालंच नाही असा समज होतो.

१९७४ला वसाहतीला अकराशे वर्षं झाली, तेव्हा पुन्हा तीन नाणी आली: ५०० क्रोना (२० ग्रॅम, ३५ मिलिमीटर) आणि १००० क्रोना (३० ग्रॅम, ३९ मिलिमीटर), दोन्ही ९२५ चांदीची, आणि १०,००० क्रोनांचं सोन्याचं. यातलं ५०० क्रोनांचं माझं आवडतं. त्यावर एक बाई गाय घेऊन चालली आहे. पहिल्या नजरेला हे साधं ग्रामीण चित्र वाटतं. लान्द्नामाबोक या वसाहतीच्या जुन्या पोथीतला नियम माहीत असेल तर चित्र उलगडतं: वसंतातल्या एका दिवसात, सूर्योदयापासून सूर्यास्तापर्यंत, दोन वर्षांची कालवड हाताशी धरून बाईला जेवढ्या जमिनीभोवती फेरी घालता येईल, तेवढी जमीन तिची. म्हणजे नाण्यावर जमिनीची मोजणी चालली आहे. देशाची सुरुवात राजाच्या मुकुटाने किंवा लढाईने न दाखवता एका बाईच्या चालण्याने दाखवणारं नाणं या सगळ्या संग्रहात मला दुसरं माहीत नाही. जाता जाता: १९८१ला आइसलंडने १०० जुन्या क्रोनांची १ नवी क्रोना केली, त्यामुळे या नाण्यावरचे ५०० सात वर्षांत ५च्या मोलाचे उरले.

ही नाणी साध्या आणि प्रूफ, अशा दोन्ही प्रतींत मिळतात. प्रूफ म्हणजे आरशासारखी पार्श्वभूमी आणि त्यावर मंद, धुरकट चित्र. फोटोत दोन्ही सारखी दिसू शकतात. विक्रेत्याकडून नाणं तिरकं धरून काढलेला फोटो मागवा. मोकळ्या जागेत समोरच्या वस्तूचं प्रतिबिंब स्वच्छ दिसलं तर प्रूफ. प्रूफच्या मोकळ्या भागावर बोटाचा ठसा उमटला तर काही महिन्यांनी तो तपकिरी होतो आणि मग जात नाही, तेव्हा नेहमी कडेनेच धरायचं.

लढाईतून जन्मलेल्या देशाचं नाणं हवं असेल तर पोर्तुगालचं १९२८चं १० एस्कुदो घ्या: १२.५ ग्रॅम, ३० मिलिमीटर, ८३५ चांदी, ओरिकच्या ११३९च्या लढाईसाठी. या विजयानंतर अफोन्सो हेन्रिक्स स्वतःला राजा म्हणवू लागला. ती लढाई नेमकी कुठल्या मैदानावर झाली यावर इतिहासकारांचं आजही एकमत नाही. पोर्तुगालला जन्मवर्षांची वाण नाही: ११२८ची साओ मामेदेची लढाई, ११३९, ११४३चा झामोराचा तह, ११७९ची पोपची मान्यता. नोंद करताना नाणं यांपैकी कोणतं साल धरतं ते लिहून ठेवावं.

आणखी एक प्रकार म्हणजे नाण्यावरचं नाणं. सोव्हिएत संघाने १९८८ला, रुसच्या (आजच्या रशिया-युक्रेनच्या मध्ययुगीन राज्याच्या) बाप्तिस्म्याच्या सहस्रकाच्या वर्षी, ३ रूबलच्या चांदीच्या नाण्यावर (३४.५६ ग्रॅम, ९०० चांदी, म्हणजे बरोबर एक ट्रॉय औंस शुद्ध, ३९ मिलिमीटर) राजा व्लादिमीरचं स्रेब्रेनिक, म्हणजे त्याचं चांदीचं नाणं, दाखवलं. मूळ स्रेब्रेनिकवर लिहिलेलं असतं: ‘व्लादिमीर गादीवर, आणि ही त्याची चांदी’. अशा चित्रांवर पूर्ण भरवसा ठेवू नका. पोलंडमध्ये म्येश्को पहिल्याची म्हणून प्रसिद्ध असलेली देनार नाणी बहुतेक अभ्यासक आता त्याच्या नातवाची, म्येश्को दुसऱ्याची मानतात. स्मारक नाणं निघालं त्या वेळचं ज्ञान त्यावर गोठून राहतं.

पोलिश नाणी शोधताना ‘प्रूबा’ हा शब्द हमखास समोर येईल. नाण्यावरच तो छापलेला असतो आणि अर्थ ‘चाचणी’. कम्युनिस्ट काळातल्या निकेलच्या प्रूबा बहुधा ५०० नगांच्या असत, चांदीच्या त्याहून पुष्कळ जास्त. निकेलची प्रूबा चुंबकाला चिकटते, चांदीची नाही. प्रूबा हा स्वतंत्र संग्रहाचा विषय आहे. मुख्य रांगेत ती मिसळली तर रांग कधीच पूर्ण होत नाही, आणि खिसा मात्र रिकामा होतो.

पदकांचंही तसंच. १९२९ला संत वाक्लावच्या निधनाला हजार वर्षं झाली म्हणून चेकोस्लोव्हाकियात निघालेली चांदीची पदकं देखणी आहेत, पण ती नाणी नाहीत, आणि विक्रीच्या यादीत मात्र सर्रास नाणी म्हणून येतात. मूल्य लिहिलेलं आहे का ते आधी बघायचं, मग कॅटलॉगच्या कोणत्या भागात क्रमांक आहे ते. घ्यायला हरकत नाही, फक्त नाण्याचा भाव देऊ नये.

भावाबद्दल एक हिशोब कायम हाताशी ठेवा: वजन गुणिले कस गुणिले त्या दिवशीचा शुद्ध चांदीचा प्रतिग्रॅम दर. १०० झ्लोटींच्या नाण्यात १८ ग्रॅम शुद्ध चांदी आहे, २० फ्रँकच्या नाण्यात १६.७, कोरोनात ४.१७५. मागितलेली किंमत यापेक्षा किती वर आहे, त्या फरकाला कारण हवं: प्रत, दुर्मीळपणा, मूळ पेटी. स्विस २० फ्रँकला आणखी एक तळ आहे, ते दर्शनी किमतीला राष्ट्रीय बँकेत बदलून मिळतं. फ्रेंच १० फ्रँकला तो नाही, फ्रँकची नाणी बदलून द्यायची मुदत फेब्रुवारी २००५मध्ये संपली. लिलावात घेत असाल तर हातोड्याच्या, म्हणजे शेवटच्या बोलीच्या, किमतीवर लिलावगृहाची टक्केवारी लागते, ती बोलीच्या आधी वजा करूनच आपली मर्यादा ठरवा.

घरी आल्यावर नाण्याला पहिला धोका प्लास्टिकचा. मऊ, लवचिक, नव्या रेक्झिनसारखा वास येणारे पाकीट म्हणजे पीव्हीसी. वर्षा-दोन वर्षांत त्यातून हिरवट चिकट थर नाण्यावर येतो आणि पुढे धातू खातो. असा थर दिसला तर शुद्ध अॅसिटोन वापरा. नखं पुसायचं द्रावण नको, त्यात तेल आणि सुगंध असतो. काचेच्या वाटीत नाणं बुडेल इतकं अॅसिटोन घ्या, दहा मिनिटं ठेवा, मग दुसऱ्या वाटीतल्या ताज्या अॅसिटोनमधून काढा आणि मऊ कागदावर आपोआप वाळू द्या. कापसाने पुसायचं नाही. खिडकी उघडी हवी आणि जवळ ज्योत नको. प्लास्टिकची वाटी घेतलीत तर ती विरघळून नाण्यावर बसू शकते. अलीकडच्या काही स्मारक नाण्यांवर रंगीत छपाई असते, ती अॅसिटोनमध्ये विरघळते, त्यांना हे कधीच करू नका.

ठेवायला पॉलिएस्टरच्या खिडकीची पुठ्ठ्याची चौकट किंवा नेमक्या मापाची कॅप्सूल. ३५च्या नाण्याला ३६ची कॅप्सूल घेतली की ते आत खुळखुळतं आणि कड झिजते. चौकटीच्या स्टेपल पिना पक्कडने सपाट दाबा, नाहीतर अल्बममध्ये शेजारच्या नाण्यावर ओरखडे येतात. नाणं बाहेर काढताना आधी पिना उपटा. पुठ्ठा फाडून नाणं ओढलं की पिनेचं टोक बरोबर चेहऱ्यावरून जातं. रबर बँड, वर्तमानपत्र आणि ओकच्या लाकडाचा खण चांदीजवळ नको. पहिल्या दोघांतलं गंधक चांदी काळी करतं, ओकमधून आम्लाची वाफ येते.

शेवटी नोंदवही. १०० झ्लोटींची नोंद मी अशी करीन: दावा ९६६, म्येश्कोचा बाप्तिस्मा. काढलं १९६६, पोलंडचं जनता प्रजासत्ताक, राज्याचं सहस्रक म्हणून. मोजलेलं वजन २०.०२, पाण्यात १.९४, व्यास ३५. पुढे कड कशी आहे, आणि अक्ष. अक्ष बघायला नाणं वरून-खालून दोन बोटांत धरून उभ्या रेषेवर फिरवायचं. मागचं चित्र सरळ आलं तर पदकाचा अक्ष, उलटं आलं तर नाण्याचा. खाली कुणाकडून, कधी, कितीला, आणि घेताना असलेले दोष. पेटी किंवा प्रमाणपत्र असेल तर त्यावर नाण्याचाच नोंद क्रमांक पेन्सिलने टाका आणि ते वेगळं ठेवा. जुन्या पेट्यांमधलं मखमल आणि फोम नाण्याच्या सोबत बंद ठेवण्याच्या लायकीचे नसतात.